सड्यावर गाड्या चढायला लागल्यात? आधी गाडी कुठे थांबणार ते ठरवा, कुंपणाचं नंतर बघू

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीवर बोलतोय ना ते कळेल. पाटण तालुक्यात तुमच्या गावाच्या वर सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, आहे, तीन वर्षांपूर्वी कुणाचं तरी रील चाललं, आता श्रावणातल्या रविवारी शंभर-दीडशे गाड्या वर चढतात, त्यातल्या थार आणि बुलेटवाल्यांना रस्ता संपला तरी चालतो, ते सरळ फुलांत घालतात. गावात दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते वरपर्यंत डांबरी करा, पार्किंग करा, तिकीट लावा. दुसरी म्हणते साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठाराला लावलं होतं तसं जाळीचं कुंपण करा आणि सगळं बंद. आणि तुम्ही विचारताय, तोपर्यंत जेसीबीने आडवा चर मारून टाकू का?

चर मारू नका. का ते पुढे सांगतो, कारण तो उद्योग मी स्वतः करून बसलोय.

मी फॉरेस्टमध्ये गार्ड म्हणून लागलो आणि वनक्षेत्रपाल म्हणून रिटायर झालो, त्यातली बरीच वर्षं घाटमाथ्यावरच गेली. रिटायर झाल्यावर दोन-तीन वनसमित्यांना असंच सल्ला देत फिरतो, चहा-भाकरीच्या बदल्यात. त्यामुळे खाली लिहितोय ते कायद्याच्या पुस्तकातलं कमी आणि चिखलातलं जास्त आहे. तुमचा सडा मी पाहिलेला नाही, म्हणून काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच तपासाव्या लागतील, त्या त्या ठिकाणी सांगतो.

पहिली गोष्ट. तुमच्या दोन्ही पार्ट्या एकाच गोष्टीकडे बघतायत, ती म्हणजे वरचा सडा. माझ्या अनुभवात सडा वाचतो की जातो हे खाली ठरतं, गाडीचं इंजिन जिथे बंद होतं त्या जागेवर. बहुतेक माणूस गाडीपासून दोनशे-तीनशे पावलांच्या पलीकडे जात नाही हो. पोरं, आजी, डबे, छत्र्या, सेल्फी, परत गाडीत. मग गाडी फुलांच्या मधोमध थांबली तर ती दोनशे पावलं फुलांवर पडतात, आणि गाडी दीड किलोमीटर खाली थांबली तर ती दोनशे पावलं वडाच्या झाडाखाली भजी खाण्यात जातात, उरलेले जे खरंच चालत येतात ते वाटेने येतात आणि त्यातले बरेचसे नीट बघणारे असतात. म्हणून मी कुठल्याही समितीला पहिला प्रश्न हाच विचारतो, गाडी कुठे थांबते? तिकीट, कुंपण, बोर्ड, गार्ड हे सगळं त्याच्या मागनं येतं.

आता चाक गेल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो, कारण गावात हे पटवून द्यावं लागेल. "एवढं मोठं पठार, चार गाड्यांनी काय होतंय" हे वाक्य तुम्हाला शंभरदा ऐकायला मिळणार.

सड्यावर खाली जांभ्याचा सलग कातळ आणि वर माती किती, तर बऱ्याच ठिकाणी बोटाचं एक पेर, कुठे दोन. पावसाचं पाणी मुरायला खाली जागा नाही, म्हणून ते कातळावर पातळ थरासारखं पसरून हळूहळू सरकत राहतं. सगळी करामत त्या थराची आहे. सीतेची आसवे घ्या, निळी-जांभळी, नखाएवढी. ती कीटकभक्षी आहे, तिला मुळं अशी नसतातच, बारीक पिशव्या असतात आणि ओल्या मातीतल्या पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढून घेते, म्हणजे जमिनीवर ती पाण्याची फिल्म आहे तोवर तिचं पोट चालतं. पांढऱ्या गेंदाच्या फुलांचंही तसंच, पाय ओले पाहिजेत. तेरडा, सोनकी यांना जरा कमी पाणी चालतं, ती उंचवट्यावर आणि कडेकडेने, म्हणून तर दर आठ-दहा दिवसांनी पठाराचा रंग बदलतो, पाणी जसं सरकतं आणि आटतं तसा.

त्यात ओल्या दिवशी एक थार गेली. कधी गुडघ्यावर बसून बघा. चाकाने माती दोन्ही बाजूला पोळीच्या कडेसारखी दुमडलेली असते, मध्ये कातळ उघडा. म्हणजे झाली चाकोरी. आता आजूबाजूचं पसरलेलं पाणी पसरायचं सोडून त्या चाकोरीत उतरतं आणि पळायला लागतं, पळणारं पाणी सोबत माती नेतं, आणि त्या मातीत पुढच्या वर्षीचं बी असतं, कारण ही बहुतेक फुलं एका पावसाचीच, दरवर्षी बियांतून नव्याने उगवणारी. पुढच्या रविवारी दुसरा गाडीवाला चाकोरीत पाणी बघून बाजूने घालतो. तिसरा त्याच्या बाजूने. सीझन संपता संपता एका गाडीचा रस्ता आठ गाड्यांच्या रुंदीचा झालेला असतो. चाकाखाली चिरडलेलं फूल हे त्यातलं सगळ्यात छोटं नुकसान आहे. मोठं नुकसान खालच्या अंगाला होतं, जिथे चाक गेलेलंच नाही पण पाणी यायचं बंद झालं.

आणि हो, मे महिन्यातही गाडी नको. तेव्हा सडा करपलेला दिसतो आणि लोक म्हणतात इथे काय आहे, नुसता दगड. बी आणि कंद तिथेच झोपलेले असतात, त्यातच सुटे दगड चाकाने उलटले की खालचे विंचू, पाली, साप उघड्यावर पडतात. वर चूल आणि सिगारेट, म्हणजे वणवा.

हे समजलं की माझ्या चराची गोष्ट समजेल. नाव-गाव सांगत नाही. आमच्याकडे एका सड्यावर जीपा चढायच्या, रोज भांडणं, गार्ड एकच. मी एप्रिलमध्ये जेसीबी लावून सड्याच्या वरच्या कडेला आडवा चर मारला, तीन फूट खोल, दोनेकशे मीटर लांब, आणि मातीचा वरंबा पुढे. पहिल्या पावसात एक पण गाडी आत गेली नाही, मी खूश, वरिष्ठांनी पाठ थोपटली. ऑगस्टच्या शेवटी तिथला एक म्हातारा गुराखी मला हाताला धरून चराच्या खालच्या बाजूला घेऊन गेला. दरवर्षी जिथे गेंद असा यायचा की लांबून कुणी तांदूळ सांडलाय वाटावं, तिथे कोरडं, नुसतं गवत. पाणी सगळं माझ्या चरात पडून सरळ कड्यावरून खाली चाललं होतं. म्हातारा म्हणाला, "साहेब, गाड्या अडवल्या तुम्ही, पण पाणी पळवलंत." पुढच्या वर्षी तो चर मीच बुजवला. बुजवलेल्या जागेवर आजही वेगळं गवत उगवतं, रेघ लांबून दिसते. डोंगराच्या उतारावर मातीत चर मारणं वेगळं, तिथे तो पाणी मुरवतो. कातळावर तो गटार होतो.

आता कासचं. सगळे कासचं नाव घेतात पण तिथे काय काय झालं ते अर्धवट माहीत असतं. साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटर, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या त्यात महाराष्ट्रातल्या चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यानंतर गर्दी वाढतच गेली. तिथे ज्या गोष्टी खऱ्या उपयोगी पडल्या त्या अशा, खाजगी गाड्या पठाराच्या अलीकडे थांबवून पुढे बसने नेणं, सीझनमध्ये ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आणि आसपासच्या गावांच्या समितीतली पोरं-पोरी गाइड म्हणून, पार्किंगला, कचऱ्याला कामाला. आता म्हणाल तिथेही रविवारी बोंब असतेच. असतेच. पण फुलांत उभी केलेली इनोव्हा दिसत नाही, हे विसरू नका.

कुंपणाचा अनुभव मात्र उलटा गेला. लोखंडी जाळी लावली, माणसं अडली, तशी गुरंही अडली. गुरं थांबल्यावर गवत माजलं आणि त्या बारक्या फुलांना ऊन मिळेना, अशी तक्रार गावकऱ्यांनीही केली आणि अभ्यासकांनीही, बरीच वर्षं वाद चालला आणि शेवटी जाळी काढली. फुलं कमी होण्यात पावसाचा वाटा किती आणि गवताचा किती यावर लोक अजून भांडतील, माझं मत सांगतो, थोडी चराई ही त्या सड्याच्या जुन्या घडीचाच भाग आहे. शेकडो वर्षं म्हशी तिथे चरल्या तरी फुलं होतीच की. म्हणून पुण्या-मुंबईची गाडी आली म्हणून गावातली म्हैस बंद करायची, हा न्याय मला कधी पटला नाही. शिवाय गुराखी हा तुमचा फुकटचा राखणदार असतो, त्याला कुंपणाबाहेर काढलं की सड्यावर डोळाच राहत नाही.

म्हणजे इथवर काय झालं, तर चर नको, जाळी नको, वरपर्यंत डांबर तर मुळीच नको. डांबराचं एवढ्यासाठी की रस्ता एकदा झाला की तो परत घेता येत नाही. पवनचक्क्यांची पठारं बघा, चाळकेवाडीच्या बाजूला. पात्यांची अवजड वाहतूक करायची म्हणून रस्ते केले, त्यांना चक्कीगणिक फाटे फुटले, आणि आज हौशी गाडीवाला त्यातल्या कुठल्याही फाट्याने पठाराच्या पोटात शिरू शकतो. रस्ता बांधणाऱ्याच्या डोक्यात पर्यटन नव्हतंही, पण रस्ता विचारून थोडीच वापरतात.

मग करायचं काय. सुरुवात सातबाऱ्यापासून, कारण इथे सगळं परिस्थितीवर आहे. सड्याचा कुठला तुकडा राखीव वन, कुठला गायरान, कुठला मालकीचा, हे तलाठ्याकडून आणि तुमच्या बीट गार्डकडून नकाशावर रंगवून घ्या. राखीव वन असेल तर गाडी आत घालणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा होतो, गार्ड पीओआर, म्हणजे गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाडू शकतो, गाडी अडवू शकतो, समितीला तो अधिकार नाही, तिने फोटो, नंबर आणि वेळ द्यायची. अभयारण्यात येत असेल तर वन्यजीव कायदा लागतो, तो अजून कडक, आणि तिथे ग्रामपंचायतीने परस्पर तिकीट लावायचा विचारही करू नये. गायरान असेल तर जमीन सरकारची, ताबा ग्रामपंचायतीकडे, पण त्यावर पक्कं पार्किंग आणि गाळे काढायचे म्हणजे कलेक्टर ऑफिसची परवानगी पाहिजे. मालकीची असेल तर त्या चार भावांना आधी सोबत घ्या, नाहीतर तुम्ही पुढचा रस्ता बंद कराल आणि ते शेतातून पन्नास रुपये घेऊन गाड्या सोडतील, हे मी तीन ठिकाणी पाहिलंय.

डांबरी रस्तावाल्यांना एक सांगा, वनजमिनीवर रस्ता म्हणजे १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी. कुणीतरी हुशार माणूस म्हणेल वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीवर रस्ता मिळतो. मिळतो, २००६ च्या कायद्याचं कलम ३(२), एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, पण तो शाळा, दवाखाना, गावाचा रस्ता अशा सोयींसाठी आहे, पर्यटकाच्या थारसाठी नाही. त्याच कायद्याचं कलम ५ मात्र तुमच्या कामाचं आहे, सामूहिक हक्क मिळालेले असतील तर जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला त्यातून मिळतो. दावा केलाय का ते बघा.

कागद फिरत असतानाच मोजणी करा. चार रविवार, गावाच्या शेवटच्या घराच्या ओट्यावर एक शाळकरी पोरगं आणि वही. किती वाजता, कार की बाइक, नंबरची पहिली अक्षरं, आत किती माणसं, परत किती वाजता. बास. आजवर जिथे जिथे हे केलं तिथे गावाचा अंदाज चुकलेला निघाला. एके ठिकाणी सगळे म्हणत होते दिवसभर गर्दी, वही म्हणाली साडेनऊ ते साडेबारा. तीन तासांचा प्रश्न निघाला, आणि तीन तासांसाठी सहा माणसं पुरतात. दुसरीकडे निम्म्या गाड्या सडा बघायला आलेल्याच नव्हत्या, पुढच्या धबधब्याला रस्ता चुकून आल्या होत्या. तिथे फाट्यावर एक बाण लावला आणि काम झालं!

मग पार्किंग. जागा गावाच्या खालच्या अंगाला किंवा गावातच बघा, आधीच तुडवलेली, खळं, जत्रेचं मैदान, शाळेमागचं पटांगण, सड्याचा कातळ तर नकोच. मुरूम बाहेरून आणताना सांभाळा, त्यातून गाजर गवत आणि कॉसमॉस येतं आणि एकदा चढलं की उपटता उपटता जन्म जातो. आकारमानाचं गणित मी असं करतो, चाळीस गाड्या मावतात, गाडीमागे चार माणसं, सकाळी एक दुपारी एक अशा दोन पाळ्या, म्हणजे तीनशे वीस. हीच तुमची दिवसाची मर्यादा, वेगळा आकडा काढायला तज्ज्ञ नको. चाळीस भरल्या की फाट्यावर, म्हणजे गावाच्या चार-पाच किलोमीटर अलीकडे, "फुल" पाटी. गावात आणून परत पाठवलं तर माणूस भांडतो, फाट्यावरच कळलं तर दुसरीकडे जातो. आणि जागा वाढवायचा मोह येणारच. पहिल्या वर्षी पैसा दिसला की दुसऱ्या वर्षी ऐंशीची जागा मागतात. तेव्हा ग्रामसभेचा ठराव आधीच करून ठेवलेला पाहिजे, वहीत, सह्यांसकट.

पार्किंगपासून सड्यापर्यंत कसं? दीड-दोन किलोमीटर असेल तर चालू द्या. जास्त असेल तर तुमच्याकडे वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपा, आहेतच. वडापच्या पाच-सहा जीपवाल्यांना सीझनचं काम द्या, नंबर ठरवून, दर ठरवून, आणि वर वळायला एकच जागा. हे लोक तुमच्या बाजूचे झाले की अर्धी लढाई जिंकलात, कारण मग खाजगी गाडी वर गेली तर त्यांचं भाडं बुडतं, आणि आपलं भाडं बुडवणाऱ्याला वडापवाला जसं अडवतो तसं कुठलाही गार्ड अडवू शकत नाही. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्या जात नाहीत, म्हणून तिथलं पर्यटन बुडालं का? घोडेवाले, हमाल, हॉटेलवाले सगळ्यांची घरं त्या चालण्यावरच चालतात. तुमच्या रोजगारवाल्या पार्टीला हे उदाहरण द्या, गाडी वरपर्यंत गेली की गावातून पन्नासच्या स्पीडने जाते, चहासुद्धा घेत नाही.

आडव्या वाटा बंद करायला मोठे दगड वापरा, खालच्या खाणीतून आणलेले, सड्यावरचे उचलू नका. दोन दगडांत चार फुटांची फट ठेवा, माणूस, गुरं, डोक्यावर भारा घेतलेली बाई जाईल, जीप जाणार नाही. बाइकचं मात्र खरं सांगतो, जिथून म्हैस जाते तिथून बुलेट जाते. दगडाने, खांबाने, नागमोडी फाटकाने बाइक थांबलेली मी पाहिली नाही. बाइक फक्त माणसाने थांबते, आणि ती वर थांबवायची नसते, खालच्या फाटकावरच, जिथे चार जण उभे असतात आणि समोरच्याला गर्दीची लाज वाटते. वर एकट्या गार्डने दहा बाइकवाल्यांना अडवणं धोक्याचं आहे, पोरांना तसं करू देऊ नका. त्यांनी लांबून नंबरप्लेटचा फोटो घ्यावा, बास.

सीझनपुरता रस्ता कायदेशीर बंद हवा असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावावर भागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहनबंदीची अधिसूचना निघू शकते, त्यासाठी प्रांत-कलेक्टरकडे अर्ज करा, मे महिन्यातच, जुलैमध्ये कुणाला वेळ नसतो. अगदीच आणीबाणी झाली तर मनाईचा आदेश असतो, पूर्वीचा १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचा १६३, पण तो दोन महिन्यांपुरता आणि तो धबधब्यात माणसं वाहून जाण्यासारख्या प्रसंगासाठी आहे, दरवर्षी त्यावर गाडा हाकू नये.

सवलतीचं आधीच लिहून ठेवा. ॲम्ब्युलन्स, वरच्या वस्तीतली गाडी, चालता न येणारी माणसं, एवढंच. चालता न येणाऱ्यांसाठी वडापची एक जीप राखीव, त्यांना त्यांची गाडी नेऊ द्यायची गरज पडत नाही. ही यादी एवढ्यासाठी, की एका रविवारी साहेबांची गाडी येणार. आमच्याकडे आली होती, दिवावाली, मागे चार पाहुण्यांच्या. फाटकावरच्या पोराने सोडली, बिचारा काय करणार. मागे रांगेत उभे होते त्यांनी बघितलं, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत फाटक उघडं ते त्या सीझनला परत बंद झालं नाही. नंतर आम्ही एक केलं, किल्ली पोराकडे ठेवायचीच नाही, सरपंचबाईंच्या घरी ठेवायची. साहेबाला किल्ली पाहिजे तर बाईंना फोन करायचा. त्या वर्षी एकही फोन आला नाही, पोराशी हुज्जत घालणारे बाईंना फोन करायला लाजत असावेत.

बोर्डावर "प्रवेश बंद, दंड होईल" लिहून आजवर कुणी थांबलेलं नाही. "गाडी इथे लावा. पुढे चालत पंचवीस मिनिटं, वाट डावीकडे, वर पाणी आणि टॉयलेट नाही" असं लिहा, माणसाला पुढचं कळलं की तो ऐकतो. आणि सगळ्यात स्वस्त काम, गुगल मॅपवर तुमच्या सड्याचा पिन बघा कुठे आहे. नव्वद टक्के फुलांच्या मधोमध असणार, आणि मॅप बिचारा गाडीवाल्याला बैलगाडीच्या वाटेने तिथे नेतोय. पार्किंगच्या जागेचा वेगळा पिन टाका, नावात "पार्किंग" घाला, फोटो टाका, गावातल्या वीस पोरांनी बदल सुचवा. हे एका संध्याकाळचं काम आहे.

वर एक जागा मात्र सोडून द्या, हे ऐकायला कठीण जातं. वाटेच्या जवळची, दरी दिसते अशी, जिथे फुलं तशीही बेताचीच आहेत. तिथे लोक बसतील, नाचतील, रील करतील, ती तुडवली जाईल, जाऊ द्या. अशी जागा दिली नाही तर लोक ती स्वतः शोधतात आणि नेमकी गेंदाच्या पाण्यात शोधतात. बाकी वाटेला दोन्ही बाजूला नुसती सुतळी, गुडघ्याएवढी. सुतळीने कुणी अडत नाही खरं, पण तिच्या पलीकडे जाताना माणूस एकदा इकडेतिकडे बघतो, आणि तेवढ्यात तुमचा गाइड "ओ दादा" म्हणतो.

पैशाचा हिशोब दर सोमवारी चावडीवर खडूने. किती गाड्या, किती पावत्या, कुणाला किती मजुरी. पार्किंगचा ठेका एकालाच देऊ नका, पाच हजार जास्त देतो म्हणाला तरी, कारण ठेकेदाराला एकच कळतं, एक्केचाळिसावी गाडी. रोजंदारीवर आलटून पालटून घरं घ्या, आणि वाड्या-वस्तीवरची घरं आधी, कारण सडा त्यांच्या डोक्यावर आहे.

आधीच पडलेल्या चाकोऱ्यांचं विचारलं नाहीत पण सांगून ठेवतो. त्यात बाहेरची माती भरू नका. त्याच जागच्या मुरमाड जांभ्याचे मूठ-दोन मुठी तुकडे घेऊन दर पाच-सहा पावलांवर चाकोरीत आडवा छोटा बांध घाला, चार बोटं उंच, पाणी थांबावं म्हणून नाही, त्याने पळणं सोडून बाजूला पसरावं म्हणून. मग हात लावू नका. तीन पावसाळे तरी. आधी शेवाळ येतं, मग गवत, फुलं सगळ्यात शेवटी, आणि काही ठिकाणी येतच नाहीत.

आत्ता जून तोंडावर आलाय, त्यामुळे या वर्षी सगळं होणार नाही. मोजणीची वही, मॅपवरचा पिन, वडापवाल्यांची बैठक आणि खालच्या मैदानाचं पार्किंग, एवढं या सीझनला होतं. सातबारा हातात आला की कुठला तुकडा कुणाचा ते इथेच लिहा, नकाशाचा फोटो टाका, आणि पाऊस पडल्यावर पहिल्या आठवड्यात सड्यावर पाणी कुठून कुठे सरकतंय त्याचा एक व्हिडिओ. तो बघितल्याशिवाय वाट कुठून न्यायची ते मी सांगणार नाही, एकदा चूक करून झालीय.